नदीचं पाणी तपासताय? मग या चुका टाळा

दुपारी दोनला नदीवर जाऊन ‘ऑक्सिजन भरपूर, नदी ठणठणीत’ असा निकाल देणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो: पहाटे गेला होतात का?

एका एप्रिलात सीना नदीवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यावर तीन नवखी पोरं घेऊन गेलो. अडवलेलं पाणी हिरवंगार, वाटाण्याच्या रश्शासारखं. मीटरवर आकडा आला १३. पोरं खूश, फोटो काढून ग्रुपवर टाकले. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो, मग १३ आला कुठून, हे एकानंही विचारलं नाही. शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि अंधारात तोच ओढतं. मी काही बोललो नाही. तिथंच मुक्काम ठोकला. कडक भाकरी, शेंगाचटणी, डास. पहाटे साडेपाचला त्याच जागी, त्याच मीटरवर १.८. चिलापी कडेला येऊन तोंडं वर काढत होते. ग्रुपवरचे फोटो गुपचूप पुसले गेले.

तेव्हापासून एक नोंद सूर्य उगवायच्या आधी, दुसरी दुपारी तीनला. वेळ लिहिलेली नसेल तर आकडा माझ्या वहीत चढत नाही.

दुसरं दुखणं बाटलीचं. ‘आधी तीनदा खळबळून घ्या’ हे क्षार तपासायच्या बाटलीला लागू. लोक जंतूंसाठीची निर्जंतुक बाटलीही खळबळतात, वर झाकणाच्या आत बोट घालतात. मग तपासणी नदीची होते की बोटाची? ती बाटली बर्फात ठेवून सहा तासांत प्रयोगशाळेत पोचवायची. ऑक्सिजनची मात्र काठोकाठ भरायची, एकही बुडबुडा नको, आणि ऑक्सिजन बांधून ठेवणारी रसायनं नदीकाठीच घालायची. ‘घरी जाऊन बघू’ म्हणत मे महिन्यातल्या सोलापुरी उन्हात ती डिकीत टाकलीत, तर आकडा विसरा.

पीएच मीटर बफरमध्ये, म्हणजे ठरावीक पीएचच्या द्रावणात, न तपासता बुडवू नका. घाटाच्या पायरीवरून वाकून घेतलेला नमुना पायरीचा असतो, धारेतला घ्या. पण भीमेत उतरण्याआधी उजनीतून पाणी सोडलंय का, ते विचारा.

आणि दगड उलटा हो! यंत्र हातात आलं की कुणाला वाकायला नको असतं. त्या बंधाऱ्याखाली मी वीसेक दगड उलटले. स्वच्छ, वाहत्या पाण्यात सापडणारी मेफ्लाय या कीटकाची तीन शेपट्यांची पिल्लं एकही नव्हती. चिखलात वळवळत होत्या त्या लाल अळ्या, रक्तात हिमोग्लोबिन असल्यामुळं कमी ऑक्सिजनमध्येही तगणाऱ्या. दहा मिनिटांचं काम, तेही भर दुपारी.