गेन वाढवला की कॉर्ड गढूळ: लेस पॉल पद्धतीच्या गिटारचे पिकअप

लक्षण: ब्रिज पिकअपवर (तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा, ब्रिजजवळचा भाग) पॉवर कॉर्ड (दोनच सुरांची) ठीक, पण गेन, म्हणजे अँपमधली सिग्नलची वाढ, वाढवून पूर्ण कॉर्ड वाजवली की तारा वेगळ्या ऐकूच येत नाहीत. अँपचा बास कमी केला, तारा बदलल्या, फरक शून्य. वैताग आला.

कारण होतं १६ किलोओहमचा, सिरॅमिक चुंबकाचा, म्हणजे जास्त आउटपुटचा हंबकर (दोन कॉइलचा पिकअप). सत्तरच्या दशकातला हार्ड रॉक आवाज मध्यम आउटपुटच्या पिकअपचा आहे. डिस्टॉर्शन (आवाजाचा खरखरीतपणा) व्हॉल्व्ह अँपनं द्यायचं. म्हणून अल्निको २ चुंबकाचा, ८ किलोओहमच्या आसपासचा सेमूर डंकन एपीएच-१ बसवला, चार वायरवाला.

आधी जुनी जोडणी सोडवून व्हॉल्यूम पॉटची (आवाजाच्या नॉबखालचा बदलता रोध) बाहेरची दोन टोकं मल्टिमीटरनं मोजा. ५०० किलोओहम हवेत. २५० असतील तर हंबकरचा ट्रेबल दबतो, नवा पिकअपही मंदच वाटेल. मग नव्या पिकअपची काळी वायर पॉटच्या इनपुटला, हिरवी आणि उघडी (आवरणाची) पॉटच्या पाठीवर, म्हणजे ग्राउंडला, लाल-पांढरी एकत्र डाग देऊन टेप. हे रंग फक्त डंकनचे, इतर कंपन्यांचे वेगळे असतात.

शेवटी पिकअपची उंची: शेवटचा फ्रेट दाबून तारेपासून अंतर ब्रिज पिकअपला १.६ मिमी, नेक पिकअपला २.४.

दोन्ही पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ, नाकातला आला तर फेज उलटा आहे, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना खोडतात. नव्याच्या काळी-हिरवीची अदलाबदल करा. उघडी वायर ग्राउंडलाच राहू द्या.