पाणी सांडतं, बटण लागत नाही: घरच्या मॉन्टेसरीत या चुका टाळा

मॉन्टेसरी म्हणजे मुलाने रोजची छोटी कामं स्वतःच्या हातांनी करत शिकण्याची पद्धत. अडीच-तीन वर्षांचं मूल असंच स्वतः पाणी ओतायला बसतं, निम्मं पाणी चौरंगावर जातं आणि घरातून आवाज येतो, "राहू दे, अजून लहान आहे!" बहुतेक वेळा दोष वयाचा नसतो. भांड्याला चोच नसते, पाणी काठोकाठ भरलेलं असतं, नाहीतर चौरंग मुलाच्या छातीला लागत असतो. म्हणून काही बिघडलं की आधी सामान तपासा, मुलाकडे नंतर वळा.

पाणी भांड्याच्या पोटावरून ओघळतं

ही सगळ्यात नेहमीची तक्रार. यात मोठ्यांचा हात मोठा असतो, कारण आपण शेजारी बसून "हळू, हळू" म्हणत राहतो. भांडं फार हळू कललं की पाण्याची बारीक धार काठ सोडतच नाही. ती बाहेरच्या बाजूला चिकटून खाली उतरते. आपण चहा गाळताना पातेलं जरा धीटपणे कलतं करतो ते उगाच नव्हे.

दोन सारखीच लहान भांडी घ्या, साधारण २०० मिली मावणारी, कान आणि चोच असलेली. चहाच्या सेटमधलं दुधाचं भांडं उत्तम. चोचीचं मिळालं नाही तर सरळ काठाच्या पेल्यापेक्षा बाहेर वळलेल्या काठाचं फुलपात्र बरं. पाणी १०० मिलीच घाला. भरलेलं भांडं जरा कललं की लगेच सांडायला लागतं आणि मुलाला हात स्थिर करायला वेळच मिळत नाही. दाखवताना चोच दुसऱ्या भांड्याच्या मधोमध न्या, काठापासून बोटभर वर थांबा आणि मग एका दमात कलवा.

ज्यात ओतायचं ते भांडं काचेचं असेल तर पाणी कुठवर आलं ते दिसतं. स्टीलच्या पेल्यात वरून अंदाज येत नाही, म्हणून तो ओसंडतो. काचेवर बाहेरून रंगीत चिकटपट्टीची रेघ मारा आणि पाण्यात बीटाच्या रसाचे दोन थेंब टाका, म्हणजे पातळी स्पष्ट दिसते. जाड, लहान पेला घ्या. तो पडला तर फुटेल, हे मुलाला कळणंही कामाचं आहे, फक्त तुम्ही जवळ असा आणि काचा तुम्हीच उचला.

ही भांडी एका ताटात मांडा आणि पुसण्याचं सामानही त्याच ताटात हवं. अख्खा स्पंज मुलाच्या मुठीत मावत नाही, पिळला जात नाही आणि उचलला की ठिबकत नवा पसारा करतो. त्याचे ५-६ सेंटिमीटरचे तुकडे कापा. स्पंज सांडलेल्या पाण्यावर ठेवायचा, भिजेपर्यंत थांबायचं, मग उचलून वाटीत पिळायचा. मुलं सरळ घासायला लागतात आणि पाणी पसरतं. "थांबायचं" ही पायरी दाखवायची राहून गेलेली असते.

काही घरांत पाण्याआधी कोरडं धान्य देतात. क्रम योग्य आहे, पण राजमा, हरभरे, वाटाणे ही मुलांच्या नाकात जाणारी नेहमीची मंडळी. नाकातल्या ओलाव्याने ती फुगतात. तसं झालं तर पिन, चिमटा घेऊन घरी खटपट करू नका, डॉक्टरांकडे न्या. वस्तू तोंडात घालायची सवय अजून सुटली नसेल तर धान्य वगळून सरळ पाण्यावर या.

बटण लागत नाही

अंगातल्या शर्टाचं बटण हा या कामातला सगळ्यात अवघड प्रकार आहे आणि आपण नेमकी तिथूनच सुरुवात करतो. मुलाला बटण वरून, उलटं दिसतं. कापड हलत असतं आणि गळ्याजवळचं तर दिसतच नाही. आजोबांचा जुना सदरा उशीवर चढवा आणि समोर ठेवा. त्याची लहान बटणं काढून तिथे अडीच सेंटिमीटर व्यासाची तीन-चार सपाट बटणं शिवा आणि काजं बटणापेक्षा तीनेक मिलिमीटर मोठी करा. नवं काज घट्ट असतं. मुलाचं बोट त्यात अडकलं की कंटाळा आलाच. गोल, घुंडीसारखी बटणं चिमटीतून निसटतात.

पहिले काही दिवस फक्त काढायला शिकवा. काढणं सोपं, लावणं अवघड. लावताना अडतं ते बहुधा एकाच ठिकाणी: बटण अर्धं काजात शिरलं की ढकलणारा हात सोडून दुसऱ्या हाताने पलीकडून ते ओढायचं असतं. हात बदलण्याची ती जागा दोन-तीनदा मुद्दाम थांबून दाखवा. अंगावरच्या शर्टाची पाळी आली की खालच्या बटणापासून सुरुवात करा. ते डोळ्यांना दिसतं आणि दोन्ही पदर जुळवून घेतले की वरची चुकीच्या काजात जात नाहीत.

केळं निसटतं, पोळपाट सरकतं

गोल केळं पाटावर लोळतं आणि त्याला धरायला गेलेली बोटं सुरीखाली येतात. केळं आधी तुम्ही उभं चिरून दोन फाका करा. सपाट बाजू खाली ठेवली की ते हलत नाही. लहान हाताला वेलची केळं बरं. फार पिकलेलं सुरीला चिकटतं. सुरी बोथट पण ताठ हवी, म्हणजे लोणी लावायची स्टीलची. प्लास्टिकची वाकते, मग मूल जास्त जोर लावतं आणि हात घसरतो.

जत्रेतलं खेळण्यातलं पोळपाट हलकं असल्याने लाटताना फिरत राहतं. खाली ओलं फडकं घाला. १५ सेंटिमीटरच्या पोळपाटाला २५ ग्रॅमची गोळी पुरे, कणीक नेहमीपेक्षा किंचित सैल. पोळीचा आकार गोवा, गुजरात, काहीही येवो. ती भाजून त्यालाच वाढा.

केलेलं काम समोरच पुन्हा करणं

मुलाने रुमालाची घडी घातली आणि आईने उलगडून नीट घातली. पुढच्या वेळी ते घडी का घालेल? वाकडी घडी तशीच कपाटात ठेवा. चूक त्याला स्वतःला दिसेल अशी सोय करा: जुन्या सुती कापडाचा ३० सेंटिमीटरचा चौकोन कापा आणि मधोमध लाल दोऱ्याने धावदोरा घाला. त्या रेघेवर घडी पडली की बरोबर. ओढणीचं निसरडं कापड घेऊ नका.

दाखवताना बोलणं ही याच जातीची चूक. आपण बोललो की मूल आपल्या तोंडाकडे बघतं आणि हात काय करतात ते निसटतं. आधी न बोलता, नेहमीपेक्षा निम्म्या वेगाने करून दाखवा, नंतर शब्द. मूल उजखुरं असेल तर त्याच्या उजव्या बाजूला बसा, म्हणजे तुमचा हात त्याच्या दृष्टीआड जात नाही. पावलोपावली "शाब्बास" म्हणण्याचाही असाच तोटा: काम सोडून नजर तुमच्याकडे वळते.

दोन मिनिटांत उठून जातं

मांडणीवर दहा वस्तू असतील तर उठणारच. तीन-चार ठेवा. त्यांतलं एखादं आठवडाभर कुणी उचललं नाही तर बदला. उलट एखादं मूल तेच पाणी पंधरा वेळा इकडून तिकडे ओतत बसलं तर "झालं ना आता?" म्हणून उठवू नका. झाडायला दिलं तर आधी पंखा बंद करा. फरशीवर खडूने ताटाएवढं वर्तुळ काढा आणि कचरा त्यात गोळा करायला सांगा, नाहीतर तो फक्त जागा बदलतो.

महागडा लाकडी संच

"मॉन्टेसरी" असं खोक्यावर छापलं म्हणून वस्तू मॉन्टेसरीची होत नाही. १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी या समुद्रकाठच्या गावी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा गावातल्या मुलांना परवडणारं, आसपास मिळणारं साहित्यच वापरलं. शिंपले, बिया, पानं, दगड. घरात ताट, वाटी, फडकं, केरसुणी आहेच. पैसे खर्चायचेच तर १५-२० सेंटिमीटर उंचीच्या एका ठोकळ्यावर खर्चा.

तो दाराशी ठेवा, बसून चपला घालायला. उभ्याने मुलाचा तोल जातो. चपलांचा डावा-उजवा घोळ होत असेल तर एक गोल चिकटचित्र अर्धं कापून एकेक अर्ध दोन्ही चपलांच्या आतल्या कडेला चिकटवा. चित्र जुळलं की जोडी बरोबर लागली. आणि हे शिकवायला संध्याकाळ निवडा. शाळेची रिक्षा खाली हॉर्न वाजवत असताना कुणाच्याही हातून पट्टा लागत नाही.