मराठवाड्यातून रोड सायकलिंग सुरू करायचंय? आधी पेलित्सारीची पहिली चार वर्षं बघा

दहावी-बारावीतली पोरंपोरी सारखी विचारायलेत, रेसिंग करायचंय तर सायकल कोणती घ्यायची. सांगतो, पण आधी जुलिओ पेलित्सारी हा प्रो (व्यावसायिक) सायकल रेसर कसा वर आला ते बघून घ्या, घाई कुठं करायची नाही ते त्याच्याकडं बघून कळतंय.

पोरगा २००३ चा, इटलीतल्या कामेरिनोचा. २०१६ च्या भूकंपात हे गाव पार खिळखिळं झालं, किल्लारीकडच्या लोकांना त्यावर जास्त सांगायला नको. २०२२ ला अठराव्या वर्षी बार्दियानी या इटलीच्या प्रो टीममध्ये गेला पण सुरुवातीला जास्त करून २३ वर्षांखालच्याच रेस खेळला, २०२३ ला तूर द लाव्हनीर या तरुणांच्या मोठ्या रेसमध्ये दुसरा आला, आणि २०२४ ला पहिल्यांदा जिरो द इतालिया, म्हणजे इटलीतली तीन आठवड्यांची मोठी रेस. तिथं सोळाव्या स्टेजला (स्टेज म्हणजे एका दिवसाचा टप्पा) मोंते पानाच्या चढावर एकटा पुढं होता, फिनिशच्या तोंडावर स्लोव्हेनियाचा चॅम्पियन पोगाचार मागून येऊन निघून गेला, आणि नंतर त्यानंच आपली आघाडीवाल्याची गुलाबी जर्सी आणि गॉगल या पोराला दिला. प्रो म्हणून पहिला विजय? सप्टेंबर २०२५, व्हुएल्ता (स्पेनची तीन आठवड्यांची रेस), एल मोरेदेरोचा चढ. म्हणजे चौथा सीझन! पोरगं जिल्ह्याच्या दोन रेस हरलं म्हणून सायकल विकायला काढणाऱ्या पालकांनी हे नीट वाचा.

आता सायकल. सेकंडहँड अ‍ॅल्युमिनियमची रोडबाईक बिनधास्त घ्या, फक्त साइज बरोबर पाहिजे. सीट अशी लावा की पेडल तळाला असताना गुडघा किंचित वाकलेला राहील.

चढासाठी संभाजीनगरवाल्यांना दौलताबादचा घाट आणि पुढं खुलताबाद ते म्हैसमाळ, यापेक्षा चांगली शाळा नाही. हलका गिअर टाका, बसूनच चढा, पाय मिनिटाला ८०-९० फिरले पाहिजेत, आणि सुरुवातीचे काही महिने इतक्याच जोरात की शेजारच्याशी एक वाक्य बोलता येईल. जड गिअर रेटून गुडघे घालवलेली पोरं मी बघितलीत, लै वाईट वाटतं.

उन्हाळ्यात उजाडता उजाडता निघा आणि ऊन तापायच्या आत घरी. गाळप हंगामात मात्र अंधारात अजिबात नको, उसाच्या डबल ट्रॉलीला मागं लाइट नसतोय, जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. दीड-दोन तासांच्या वर राइड असली तर तासाला ६० ग्रॅम कार्ब (कार्बोहायड्रेट) पोटात गेलेच पाहिजेत, महागडं जेल नको, खजूर, केळी, गूळ चालतंय, आणि पाण्यात मीठ-साखर-लिंबू.

पंक्चर तर होणारच, आपल्याकडं रस्त्याच्या कडेला बाभळी. ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून बोटं हळूच फिरवा, काट्याचं टोक टोचतंय का बघा, काटा मोडून आत राहिला की नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर झालीच.

आणि ग्रुपमध्ये चालवायला शिका, हे सगळ्यात महत्त्वाचं. २०२५ च्या जिरोत पेलित्सारी आपल्या टीमचा लीडर रॉग्लिचसाठी राबत होता, सोळाव्या स्टेजला रॉग्लिच बाहेर पडला, याला मोकळीक मिळाली, त्याच दिवशी तिसरा आला आणि शेवटी एकूण सहावा. आपल्याकडं दर रविवारी सगळे एकमेकांशीच रेस लावतात. त्यापेक्षा मिनिटभर पुढं राहून वारा अंगावर घ्या, मागचा रस्ता बघून बाजूला सरका, शेवटी जाऊन चिकटा. पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी तुमचं पुढचं चाक कधी आणू नका, तो जरा हलला तरी पडणार तुम्हीच.

रेसमध्ये वय कॅलेंडर वर्षावर धरतात, ज्या वर्षी १७ किंवा १८ पूर्ण होणार ती ज्युनिअर, १९ ते २२ अंडर-२३. त्यामुळं जन्मदाखला आत्ताच काढून ठेवा आणि राज्य निवड चाचणी कधी आहे ते जिल्ह्याच्या सायकलिंग संघटनेला स्वतः जाऊन विचारा, ग्रुपवर मेसेज येईल म्हणून बसू नका.