सुपरमार्केटात डबे घेऊन जाण्याआधी

रिकाम्या डब्याचं वजन. हे आधी लिहून ठेवा, बाकीचं मग वाचा.

सुपरमार्केटने डाळ-तांदूळ सुटा द्यावा, गिऱ्हाइकाने आपला डबा किंवा पिशवी आणावी, मध्ये प्लास्टिकचं पाकीट येऊच नये, अशी मागणी घेऊन सोलापुरात पुन्हा एक गट जमतोय. "तुम्ही आधी केलंय, तर काय काय लागतं ते सांगा," असा निरोप आला, म्हणून ही यादी. आधी केलंय म्हणजे आधी फसलंय. कशावरून फसलं, ते पहिल्याच ओळीत आलंय. ती गोष्ट खाली पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नका.

टोप्या, पाणी, ओळखपत्रं यांचं काही सांगत नाही. फलक कापडाचा करा. कापडाच्या गावात राहून फ्लेक्स लावायचं कारण नाही, आणि 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीचे फलक 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहेत. प्लास्टिकविरोधी मोहिमेचा फोटो तशा फलकासकट छापून आला, तर लोक तुमचं बाकीचं म्हणणं ऐकतच नाहीत.

दुकान एकच धरा. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड, कुठलंही चालेल, पण एकच. जमलं तर स्थानिक मालकाचं निवडा, कारण तिथे मालक गल्ल्यावर असतो आणि हो-नाही तोंडावर सांगतो. मोठ्या साखळीच्या दुकानात मॅनेजर चहा पाजेल, मान डोलावेल आणि शेवटी म्हणेल, "मॅडम, आमच्या हातात काय नाही ओ, सगळं वरून येतंय." तो खोटं बोलत नसतो. एक फळी हलवायची तरी त्याला वर विचारावं लागतं. साखळीच घ्यायची असेल तर पत्र मुख्यालयाला लिहा आणि प्रत त्याला द्या. उलटं करू नका.

मागायचं काय, हे नीट ठरवा. 'दुकान प्लास्टिकमुक्त करा' ही मागणी नव्हे, ती घोषणा झाली. बिस्किटाच्या पुड्याचं दुकानदार काही करू शकत नाही, तो पुडा कंपनीचा. पण डाळ, तांदूळ, साखर, पोहे, शेंगदाणे या गोष्टी बरीच दुकानं स्वतःच्या नावाच्या पाकिटात भरून विकतात, आणि तिथे जबाबदारी त्यांच्यावर येते. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्राने उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीच्या, म्हणजे विकलेल्या प्लास्टिक पाकिटाचा कचरा विकणाऱ्यानेच निस्तरायचा अशा, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात ब्रँडमालकाच्या व्याख्येत सुपरमार्केटं आणि किरकोळ विक्रीच्या साखळ्याही येतात. सूक्ष्म आणि लघु उद्योग तेवढे वगळलेत. म्हणजे साखळीने स्वतःच्या नावाने डाळीचं पाकीट विकलं, तर त्या पाकिटाचा हिशेब केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर तिलाच द्यायचा आहे. पत्रात हे एका वाक्यात लिहा. धमकी वाटेल असं लिहू नका, पण लिहा.

याच सूचनांत कठीण प्लास्टिकच्या डब्या-बाटल्यांसाठी पुनर्वापराची उद्दिष्टं आहेत. 0.9 पासून 4.9 लिटरच्या आतल्यांसाठी 2025-26 मध्ये 10 टक्के, वाढत वाढत 2028-29 मध्ये 25 टक्के. त्याहून मोठ्यांसाठी 70 टक्क्यांपासून सुरुवात. भांडी घासायचा लिक्विड साबण, फिनेल, कपड्यांचं लिक्विड असल्या गोष्टी बाटली परत भरून द्या म्हणताना हे आकडे उपयोगी पडतात. खाण्याच्या वस्तूंना शिवाय एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, नियम लागतात, म्हणून दोन याद्या वेगळ्या ठेवा.

आणि खाण्याच्या यादीत तेल लिहू नका. कुणीतरी उठून म्हणतंच, "आमच्या लहानपणी तेल बरणीत मिळायचं." मिळायचं. आता खाद्यतेल सुटं विकायला सर्वसाधारणपणे मनाई आहे, ते सीलबंद आणि लेबल लावूनच विकावं लागतं. दळलेल्या मसाल्यांचंही तेच. हळद, तिखट, धणेपूड सुटी विकता येत नाही. कारण भेसळ, दुसरं काही नाही. अख्खे धणे, अख्खी मिरची मागा. यादीत तेल दिसलं की मॅनेजरला सगळी यादी बाजूला ठेवायला निमित्त मिळतं, आणि तो ते सोडत नाही.

वस्तू पाच-सहाच मागा, त्याही रोज खपणाऱ्या. तूरडाळ, हरभराडाळ, तांदूळ, साखर, शेंगदाणे, ज्वारी. रवा नको. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात कमी खपणाऱ्या रव्याला जाळी लागायला वेळ लागत नाही, आणि एका बाईच्या डब्यात अळी निघाली की सुट्या मालाचा विषय त्या दुकानात कायमचा संपला. दुकानाने सुट्या मालाचा मोठा डबा पूर्ण रिकामा करून, पुसून मगच नवा माल भरायचा, जुन्यावर ओतायचा नाही, ही अट पत्रातच घाला.

आता वजन.

सुपरमार्केटात सुट्या मालाच्या काउंटरवर इलेक्ट्रॉनिक काटा असतो. त्यातून किंमत छापलेलं स्टिकर निघतं आणि बिलाच्या काउंटरवर ते फक्त स्कॅन होतं. म्हणजे डब्याचं वजन वजा व्हायचं ते काट्यावरच. तिथे झालं नाही तर पुढचा कॅशियर काही करू शकत नाही. साडेसहाशे ग्रॅमचा स्टीलचा डबा, त्यात अर्धा किलो तूरडाळ. वजा न करता स्टिकर निघालं तर 1 किलो 150 ग्रॅम डाळीचं बिल. डाळीच्या भावाने स्वतःचाच डबा पुन्हा विकत घेतलात. मागच्या वेळी काट्यावरच्या पोराला टेअरचं, म्हणजे रिकामा डबा ठेवून काटा शून्य करायचं, बटण कुठलं हेच माहीत नव्हतं, आणि आमच्यापैकी कुणीही ते आधी विचारलं नव्हतं. मागे रांग, पुढे वाद, आणि "आम्हाला पाकीटच द्या" म्हणून लोक निघून गेले. एवढं पुरे.

तर रिकाम्या डब्याचं वजन. घरी करायचं, झाकणासकट. झाकणासकट म्हणतेय. काहीजणी डबा तेवढा तोलून आणतात, मग काट्यावर झाकण लावून ठेवतात, आणि फरकावरून पुन्हा तेच भांडण. स्वयंपाकघरातला छोटा काटा चालतो, नसेल तर ओळखीच्या दुकानदाराकडे तोलून आणा. आकडा मार्करने लिहू नका, दोन धुण्यांत जातो. भांड्यांच्या दुकानात मशिनने नाव घालून देतात ना, तिथेच बुडावर नावाखाली वजन घालून घ्या. आकडा झाकणावरही हवा, कारण एकाच मापाच्या डब्यांची झाकणं घराघरांत अदलाबदल होतात.

बुडावर आकडा असला तरी काट्यावर पुन्हा शून्य करायचंच. "काटा झिरो करा" हे डबा ठेवल्यावर म्हणायचं, माल भरायच्या आधी. भरल्यावर नाही. हे प्रत्येक कार्यकर्त्याकडून तोंडपाठ करून घ्या. आकडा पडताळणीसाठी आहे: काट्याने दाखवलेलं रिकाम्या डब्याचं वजन आणि बुडावरचं वजन जुळलं तर वादच नाही. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का चालू वर्षाचा आहे का, तेही बघून घ्या. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करावी लागते. माल निव्वळ वजनानेच विकायचा असतो. मिठाईच्या खोक्यासकट वजन करणं बेकायदा आहे, तसंच डब्यासकट करणंही. हे वाद घालायला नव्हे, मॅनेजरला पटवायला वापरा: डब्याचं वजन वजा करणं ही आपल्यावरची मेहेरबानी नाही, त्याचंच काम आहे.

भेटीआधी एकाने साधं गिऱ्हाईक म्हणून जाऊन बघायचं की काट्यावर टेअर चालतं का, आणि काट्यावर बसणाऱ्या माणसाला ते येतं का. मॅनेजरला विचारून उपयोग नाही, तो "हो हो, सगळं होतं" म्हणतो. काट्यावरच्या माणसाला विचारा. दुपारच्या पाळीत दुसरा असतो, त्यालाही.

पिशव्यांचंही वजन लागतं. मांजरपाटाच्या, नाडीच्या पिशव्या बचत गटाकडून शिवून घ्या, पण कापड आधी धुऊन मग तोला. नव्या कापडाची खळ पहिल्या धुण्यात जाते आणि वजन उतरतं. आकडा सुईदोऱ्याने घाला नाहीतर पट्टीवर लिहून शिवा. पिशवीत ज्वारी, डाळ, शेंगदाणे. साखर घट्ट विणीतच. पीठ पिशवीत नाही. नॉन-वोव्हन पिशव्या कुणी फुकट देतो म्हणाला तरी घेऊ नका. त्या कापडासारख्या दिसतात, पण असतात पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच.

काचेच्या बरण्या नकोत. जड असतात, फुटतात, आणि फुटल्यावर जवळची सगळी उघडी डाळ टाकून द्यावी लागते. घरातली जुनी प्लास्टिकची बरणी मात्र चालेल. गटात एखादा तरी "प्लास्टिक हटाव म्हणता आणि प्लास्टिक आणता" म्हणून तोंड वाकडं करेल. करू द्या. आहे ती पुन्हा वापरायची, हाच तर मुद्दा आहे.

डबा कोरडा हवा. हे सोलापुरात सोपं नाही. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे डबे धुणं हे पाण्याच्या दिवसाचं काम. आदल्या दिवशी धुतलेला, उन्हात पूर्ण सुकलेला डबाच आणायचा. ओलसर डब्यात डाळीला बुरशी धरते आणि दोष दुकानावर जातो. कार्यक्रमाची तारीख ठरवतानाही त्या भागातला पाण्याचा दिवस बघा. नळाला पाणी यायच्या वेळी कुणीही बाई तुमच्या मोहिमेला येणार नाही, आणि येऊही नये.

तारखेचंच चाललंय तर जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत नको, दिवाळीआधी नको, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तर मुळीच नको, तेव्हा महिन्याचा किराणा भरायला झुंबड असते. तिसरा आठवडा, मधला वार, सकाळी दुकान उघडल्यावर. फेब्रुवारी सगळ्यात बरा.

पत्रकं मराठीत आणि तेलुगूत. पूर्व भागात फक्त मराठी पत्रक वाटणं म्हणजे अर्ध्या घरांना वगळणं. अक्कलकोट रोडकडे कन्नडही चालतं. पण पत्रक कुणाला देताय ते बघा. विडी वळणारी, यंत्रमागावर जाणारी माणसं गल्लीतल्या किराण्यातून पाव-अर्धा किलो सुटाच माल नेतात. त्यांना पुनर्वापर शिकवायला जाऊ नका. आपली गाठ सुपरमार्केटातून ट्रॉली भरून नेणाऱ्यांशी आहे.

भेटीला तिघेच जा. मॅनेजर म्हणेल सांडलवंड होईल, चोरी होईल, माणूस जास्तीचा लागेल. सांडलवंड होतेच, खाली परात ठेवा म्हणावं. माणसाचं उत्तर तयार ठेवा: आत माल पाकिटात भरायला आज माणूस लागतोच, तोच बाहेर काट्यावर उभा राहील. 'स्वस्त पडेल' असं भाव न बघता बोलू नका. दुकानातल्या पाकिटाचा किलोचा भाव आणि मंगळवार पेठेतल्या किराणा दुकानातला सुटा भाव एकाच दिवशी लिहून न्या. फ्रान्समध्ये 2021 च्या कायद्याने 400 चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना 2030 पासून विक्रीच्या जागेपैकी 20 टक्के जागा सुट्या मालाला द्यायची आहे, हे सांगायला हरकत नाही, पण शेवटी सांगा. आधी सांगितलं की "इथं फ्रान्स नाही" एवढंच ऐकायला मिळतं.

कुणीतरी सुचवेल की बिल झाल्यावर सगळी पाकिटं फाडून तिथेच काउंटरवर टाकून यायची. मार्च 2018 मध्ये इंग्लंडमधल्या केन्शम गावात लोकांनी तसं केलं आणि ते बऱ्याच देशांत पसरलं. इथे करू नका. तो ढीग मॅनेजर उचलत नाही, झाडणारी मावशी उचलते.

परवानगी लेखी घ्या, आणि तीत दारावरच्या वॉचमनचा उल्लेख हवाच. नाहीतर तो डब्यांची पिशवी बाहेर ठेवायला लावतो, किंवा तोंडाला प्लास्टिकची पट्टी आवळून देतो आणि आत डबाच उघडता येत नाही. बाहेर पडताना बिल तपासायला तोच असतो, म्हणून स्टिकर झाकणावर, दिसेल असं.

त्या दिवशी दहा-बारा गिऱ्हाइकं पुरेत, गर्दी नको. काट्याजवळ एकजण फक्त एवढंच बघायला: डबा ठेवला, झिरो केला, मग भरला. फोटो नंतर. पत्रकारांना पहिल्या दिवशी बोलावू नका.

नंतरचं थोडक्यात. किती डबे भरले ते वहीत लिहा, दुकानाकडूनही आकडा मागा. दोन आठवड्यांनी पुन्हा जा, न कळवता. सुट्या मालाचे डबे मागच्या कोपऱ्यात सरकवलेत का बघा. काट्यावर नवा माणूस आलाय का बघा, आला असेल तर झिरोचं बटण पुन्हा दाखवा. मागणीसाठी घेतलेल्या सह्यांची वही मुख्यालयाला पाठवताना झेरॉक्स पाठवा, मूळ ठेवून घ्या. मॅनेजर बदलला तर परवानगीचं पत्र घेऊन नव्याला भेटा, जुन्याने त्याला काही सांगितलेलं नसतं.