सेट टॉप बॉक्सच्या रिमोटला टीव्हीची बटणे कशी शिकवावीत

केबल किंवा डीटीएचच्या सेट टॉप बॉक्सबरोबर मिळणाऱ्या अनेक रिमोटवर टीव्हीसाठी चार-पाच बटणांची वेगळी चौकट असते. ही बटणे बहुधा कोरीच येतात. टीव्हीच्या मूळ रिमोटकडून त्यांना संकेत शिकवावे लागतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना दोन रिमोट सांभाळणे जड जात असेल, तर हे काम अवश्य करावे आणि मूळ रिमोट चालू स्थितीत असतानाच करावे, कारण तो बंद पडला की नक्कल करायला नमुनाच उरत नाही.

प्रथम मूळ रिमोट अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड) किरण सोडतो का, हे पाहावे. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर रिमोटचे पुढचे टोक धरून बटण दाबल्यास पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा हे किरण अडवणारी गाळणी असते, म्हणून तो टाळावा. फक्त ब्लूटूथवर चालणाऱ्या रिमोटची नक्कल या पद्धतीने होत नाही.

दोन्ही रिमोटमध्ये नवे सेल घालावेत. त्यानंतर दोन्ही रिमोट टेबलावर एकमेकांकडे तोंड करून, मध्ये दोन-तीन बोटांचे अंतर ठेवून, एका रेषेत मांडावेत. थेट ऊन पडत असेल, तर पडदा ओढून घ्यावा.

आता बॉक्सच्या रिमोटवरील ‘सेट’ बटण लाल दिवा स्थिर होईपर्यंत दाबून धरावे. काही रिमोटवर त्यासाठी दोन बटणे एकदम दाबावी लागतात. ती कोणती, हे माहितीपुस्तिकेत दिलेले असते. त्यानंतर जे बटण शिकवायचे ते एकदा दाबावे, दिवा लुकलुकू लागला की मूळ रिमोटवरील तेच बटण दाबावे आणि दिव्याने संकेत मिळाल्याची खूण दिली की पुढचे बटण घ्यावे. शेवटी पुन्हा ‘सेट’ दाबून सर्व जतन करावे.

येथे क्रमाला फार महत्त्व आहे. रिमोटचे संकेत पाठवण्याच्या एनईसी या प्रचलित पद्धतीत बटण दाबताच सुमारे ३८ किलोहर्ट्झच्या लहरीवर ३२ बिटांचा (शून्य-एकच्या ३२ अंकांचा) पूर्ण संकेत एकदाच जातो आणि बटण दाबून ठेवल्यास दर ११० मिलिसेकंदांच्या आसपास केवळ ‘तेच पुन्हा’ एवढीच छोटी खूण जात राहते. शिकणारा रिमोट तयार होण्याआधीच बटण दाबून धरले असेल, तर त्याच्या हाती ही खूणच लागते आणि शिकवल्यासारखे वाटूनही टीव्ही दाद देत नाही. अशा वेळी तेवढेच बटण नव्याने शिकवावे.

आरसी-५ या दुसऱ्या संकेतपद्धतीच्या जुन्या टीव्हीत वेगळी अडचण येते. तेथे प्रत्येक नव्या दाबाला एक बिट उलटतो, पण नक्कल केलेला संकेत कायम एकसारखाच जातो. त्यामुळे तेच बटण लागोपाठ दोनदा दाबले, तर टीव्हीला ते एकदाच दाबून धरल्यासारखे वाटू शकते. दोन दाबांमध्ये क्षणभर थांबल्यास बहुधा काम भागते.

एसीच्या रिमोटला मात्र ही पद्धत लावू नये. तो प्रत्येक दाबाला तापमान, पंख्याचा वेग आणि मोड अशी सगळी स्थिती एकत्र पाठवतो, त्यामुळे ‘तापमान वाढवा’ असे शिकवलेले बटण दर वेळी एकाच ठरावीक तापमानावर नेऊन ठेवते. एसीसाठी कंपनीनुसार कोड भरता येणारा वेगळा युनिव्हर्सल रिमोट घ्यावा.