‘जाऊ नये’मधलं ‘नये’ गिळू नका : नव्या निवेदकांनो, या चुका टाळा

“माझा आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात, म्हणून निवेदक व्हायचंय.” चाचणीला येणारं प्रत्येक दुसरं मूल हेच सांगतं. कोकणात रेडिओवर आणि केबल वाहिनीवर मिळून माझी बावीस वर्षं गेली. आवाजापायी वाया गेलेली मुलं मी फारशी पाहिली नाहीत. कागद एकदाही मोठ्याने न वाचता माइकसमोर बसणारी मात्र दर वर्षी पाहतो. त्याच त्या चुका पाहून जीव थकलाय, म्हणून लिहितो आहे.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे गाव कुठलं ते न विचारता वाचणं. आपल्या किनाऱ्यावर मुरुड दोन आहेत. एक रायगडातलं, जंजिऱ्याचं. दुसरं रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात, हर्णैच्या शेजारी. एका पावसाळ्यात संध्याकाळी सूचना आली, की उधाणाचं पाणी शिरण्याचा संभव आहे, मुरुडच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी सुरक्षित जागी जावं. कागदावर नुसतं ‘मुरुड’. ड्यूटीवरचा मुलगा हुशार, पण घाईचा. नुसतं मुरुड त्याला अपुरं वाटलं, म्हणून त्याने स्वतःच्या मनाने ‘हर्णैजवळच्या’ हा शब्द जोडून दिला. सूचना रायगडसाठी होती.

चूक लक्षात येईतो वीस मिनिटं गेली. मी त्याच्या जागी बसलो आणि तालुका-जिल्ह्यासकट दुरुस्ती दिली, तासाभरात तीनदा. दुसऱ्या दुरुस्तीनंतर फोन वाजला. “म्हातारीला पाठीवर घेऊन शाळेत आणून ठेवलंय. आता म्हणता आमचं गाव नव्हेच?” माणूस चिडलेला नव्हता, दमलेला होता. मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी क्षमा मागितली. त्या फोनपेक्षाही मला सलतं ते वेगळंच. जंजिऱ्याकडच्या कुणी ‘हर्णै’ ऐकून, आपल्याला नव्हे म्हणून रेडिओ बंद केला असेल, तर त्याच्यापर्यंत दुरुस्ती पोचलीच नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत विजेचे खांब आडवे झाले. कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती, मोबाइल मुके झाले होते. अशा वेळी सेलवरचा रेडिओ बोलतो आणि ऐकणारा त्यावर विश्वास ठेवून घराबाहेर पडतो.

माझी सवय साधी आहे. कागद हातात आला की प्रत्येक गावाशेजारी पेन्सिलने तालुका लिहायचा. कळत नसेल तर सूचना पाठवणाऱ्याला फोन करायचा, आणि तोवर स्वतःचा एकही शब्द घालायचा नाही. उच्चार अडला तर त्या गावच्या माणसाला विचारायचा. मोबाइलला विचारून मोकळं होणारी मुलं मला अजिबात पटत नाहीत. आपली लिपी च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार दाखवत नाही. ‘जरा थांबा’मधला ‘जरा’ आणि म्हातारपणाची ‘जरा’ कागदावर सारखेच दिसतात. तो फरक कानानेच शिकावा लागतो.

दुसरी चूक वाक्याचा शेवट गिळण्याची. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटीच. यांत्रिक नौकांची पावसाळी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते. ऑगस्ट लागला की होड्या बाहेर पडायला उतावीळ, आणि समुद्र मात्र अजून शांत झालेला नसतो. अशा वेळी वाचायचं असतं, “मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.” नवा निवेदक ‘मच्छीमारांनी’ला जोर देतो, ‘समुद्रात’ला सूर लावतो आणि ‘नये’पर्यंत त्याचा श्वास संपतो. मध्यम लहरींवर विजांची खरखर, त्यात इंजिनाची धडधड. तांडेलाच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्याच्या, कानावर पडतं ते “समुद्रात जाऊ”. स्टुडिओच्या बंद खोलीत हे कळत नाही, कारण हेडफोनमध्ये स्वतःचा श्वाससुद्धा गोड लागतो.

मी मुलांना रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर नेतो. एकाने जेट्टीच्या या टोकाला उभं राहून वाचायचं, दुसऱ्याने होड्यांच्या इंजिनांच्या आवाजात ऐकून लिहून घ्यायचं. पहिल्या दिवशी निम्मी क्रियापदं गायब असतात. पंधरा दिवस रोज अर्धा तास हे केलं की शेवट आपोआप उभा राहतो. पंधरा दिवस म्हटलं की काहींचे चेहरे उतरतात. त्यांना आवाज ‘बेस’मध्ये करून देणारं अॅप हवं असतं. तसल्या अॅपने ‘नये’ परत येत नाही.

उसना आवाज ही तिसरी. कुडाळकडची एक मुलगी बाहेर बाकावर मैत्रिणीशी मालवणीत इतकं गोड बोलत होती, आणि आत येऊन मुंबईच्या एफएमवाल्यांसारखी धावायला लागली. मी तिला म्हटलं, शेजारच्या वयनीला (वहिनीला) आमसुलं वाळत घालताना काय सांगशील तसं सांग, फक्त प्रमाण मराठीत. दुसऱ्या खेपेला ती वाचत नव्हती, सांगत होती. तिची निवड झाली. ण-न आणि ळ-ल जरूर घासून घ्या, पण गावचा हेल पुसायच्या मागे लागू नका.

बाकीचं थोडक्यात. कागदांची पिन काढून ठेवा, पानं उलटताना आवाज येतो. माइकच्या थोडं बाजूला बसा, म्हणजे प-फ-भ फुटत नाहीत. किनाऱ्यावर कॅमेऱ्यासमोर बोलताना माइकवर केसाळ टोपी हवीच, रुमाल गुंडाळून वारा थांबत नाही. कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर मजकूर दाखवणारा टेलिप्रॉम्प्टर असला तरी छापील प्रत हातात ठेवा, वीज गेली की काच कोरी होते. चुकलात तर हसू नका. “क्षमस्व” म्हणा आणि वाक्य पहिल्यापासून वाचा.

आणि पोटापाण्याचं. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं, तिथे बातम्या देणाऱ्या स्मिता पाटील पुढे सिनेमात गेल्या, हे उदाहरण मला हटकून ऐकवलं जातं. त्यांच्यासारखं एखादंच निघतं. नैमित्तिक, म्हणजे गरजेपुरत्या बोलावलेल्या, निवेदकाला महिन्यात मोजक्याच ड्यूट्या मिळतात, त्यावर घर चालत नाही. शाळेतली किंवा बँकेतली नोकरी सोडून येऊ नका. माझ्या ओळखीचे उत्तम निवेदक शिक्षक आहेत, एक जण आंब्याची बाग सांभाळतो.

सकाळच्या सभेची, म्हणजे सकाळच्या प्रसारणाची, ड्यूटी लागली तर पहाटेच्या एसटीवर विसंबू नका. पावसाळ्यात घाटात कधी दरड येईल सांगता येत नाही. आदल्या रात्रीच केंद्राजवळ मुक्कामाला या, आणि झोपण्यापूर्वी उद्याच्या गावांचे तालुके लिहून ठेवा.