लॉगिन अडकतंय? मेनफ्रेमवरच्या डीबी२ सेटिंगमध्ये या चुका टाळा

ऐरोली, महापे किंवा वागळे इस्टेटमध्ये बसून अमेरिकी ग्राहकांचे मेनफ्रेम सांभाळणाऱ्या टीमकडे एक तक्रार हमखास येते: संध्याकाळ झाली की आयडेंटिटी मॅनेजमेंटचं, म्हणजे युजरची खाती आणि लॉगिन सांभाळणारं, सॉफ्टवेअर रेंगाळतं. त्याची माहिती डीबी२ या आयबीएमच्या डेटाबेसमध्ये असते. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. ‘रात्री मशीन मोकळं असतं’ असं धरून इथल्या घड्याळाने नऊला लावलेला रिकन्सिलिएशनचा (खात्यांच्या नोंदी जुळवून बघण्याचा) जॉब तिथल्या ऐन कामाच्या वेळेत चालतो. तोच जॉब आपल्या दुपारी बाराच्या सुमारास लावला, तर तिकडे मध्यरात्र उलटलेली असते.

वेळ बदलून सगळं सुटत नाही. लॉगिन एखाददुसरी ओळ शोधून मोकळं होतं. रिकन्सिलिएशन अख्खं टेबल वाचतं आणि हजारो ओळी बदलतं. ही दोन कामं एकाच सेटिंगवर हाकणं, हीच बहुतेक चुकांच्या मुळाशी असलेली चूक.

सगळं बीपी०मध्ये ठेवणं

बफर पूल म्हणजे डिस्कवरची पानं (डेटाचे ठरावीक तुकडे) मेमरीत ठेवायची जागा. बीपी० मुळात डीबी२च्या कॅटलॉगचा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नोंदवहीचा, बफर पूल. त्यातच युजर टेबलं, इंडेक्स आणि ऑडिटच्या नोंदी कोंबल्या की रिकन्सिलिएशनची पानं आत शिरतात आणि लॉगिनला लागणारी पानं बाहेर पडतात. लॉगिनच्या इंडेक्सना बीपी२, टेबलांना बीपी३, ऑडिटला बीपी८ आणि सॉर्टच्या वर्कफाइलला बीपी७ अशी विभागणी करा.

व्हीपीसाइझ, म्हणजे पूलचा आकार, पानांत मोजतात, मेगाबाइटमध्ये नाही. ४ केबीची १,००,००० पानं म्हणजे साधारण ३९० एमबी. व्हीपीसेकटी मुळात ८० असतो, म्हणजे पूलचा ८० टक्के भाग सलग वाचनाने आलेली पानं व्यापू शकतात. लॉगिनच्या पूलला तो २० ते ३०वर आणा. ऑडिटच्या पूलला ८० किंवा ९० चालेल. बदलाआधी आणि नंतर, गर्दीच्या त्याच तासात ‘डिस्प्ले बफरपूल’ आदेश ‘डीटेल इंटरव्हल’ लावून चालवा. रँडम गेटपेज (पानाची मागणी) आणि सिंक्रोनस रीड (त्या पानासाठी डिस्कवर जावं लागणं) यांचं प्रमाण बघा. टेबलस्पेस (टेबलांची साठवणीची जागा) नव्या पूलमध्ये नेल्यावर ती स्टॉप-स्टार्ट करावी लागते, हे अनेकदा राहून जातं. डेटा शेअरिंग (अनेक डीबी२ एकच डेटा वापरणं) असेल तर त्या पूलचा ग्रुप बफर पूल (सगळ्यांचा सामाईक पूल) आधी तयार हवा.

पीजीफिक्स येस (पूलची पानं खऱ्या मेमरीत पक्की ठेवणं) फायद्याचं आहे, पण तेवढी खरी मेमरी आहे का ते झेड-ओएसच्या (मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या) माणसांना विचारल्याशिवाय करू नका. पानं फिक्स झाली की बाकीच्यांची मेमरी कमी होते.

रिकाम्या टेबलावर रनस्टॅट्स

रनस्टॅट्स टेबलांची आकडेवारी गोळा करतं. इन्स्टॉलेशनच्या दिवशी टेबलं रिकामी असतात. तेव्हाची आकडेवारी तशीच राहिली आणि नंतर दोन लाख युजर भरले, तर ऑप्टिमायझर (डेटा शोधण्याचा मार्ग ठरवणारा भाग) टेबल छोटंच समजून इंडेक्स सोडून देऊ शकतो. युजर भरल्यावर, रीऑर्ग (डेटाची नव्याने मांडणी) करायचा असेल तर तो आधी उरकून, ‘टेबल ऑल, इंडेक्स ऑल’सह रनस्टॅट्स चालवा. डीबी२ १२मध्ये रनस्टॅट्सचा इन्व्हॅलिडेटकॅश हा पर्याय मुळात ‘नो’ असतो. म्हणून नवी आकडेवारी येऊनही कॅशमधल्या डायनॅमिक (चालताना तयार होणाऱ्या) एसक्यूएलचा जुनाच मार्ग चालू राहतो. तो पर्याय ‘येस’ द्या. स्टॅटिक पॅकेजेस, म्हणजे आधीच मार्ग ठरवून ठेवलेलं एसक्यूएल, वेगळी रीबाइंड करावी लागतात, म्हणजे त्यांचा मार्ग नव्याने ठरवावा लागतो.

टाइमआउट वाढवून लॉक झाकणं

उणे ९११ हा एरर (लॉकमुळे काम मागे फिरवल्याचा) आला की आधी रीझन कोड बघा. ००सी९००८ई म्हणजे टाइमआउट, ००सी९००८८ म्हणजे डेडलॉक (दोन कामं एकमेकांची वाट बघत अडकणं). कन्सोलवर डीएसएनआय०३१आय दिसत असेल तर लॉक एस्केलेशन झालंय: रिकन्सिलिएशनने एवढे लॉक घेतले की डीबी२ने अख्खी टेबलस्पेस किंवा टेबलच अडवलं. इथे टाइमआउटची मुदत वाढवली तर लॉगिन करणारा आणखी ताटकळतो. जॉबमध्ये दर ५०० ओळींमागे कमिट (बदल पक्के करून लॉक सोडणं) घाला. लॉकसाइझ रो (प्रत्येक ओळीला वेगळा लॉक) हा उपाय शेवटी. डेटा शेअरिंगमध्ये तो महाग पडतो.

प्रत्येक लॉगिनला नवं एसक्यूएल

युजरचं नाव थेट एसक्यूएलमध्ये लिहिलं जात असेल, तर प्रत्येक लॉगिनचा मजकूर वेगळा होतो आणि स्टेटमेंट कॅश (तयार एसक्यूएलचा साठा) चालू असून वाया जातो. पॅरामीटर मार्कर (नावाच्या जागी प्रश्नचिन्ह) वापरा. उत्पादन तयार मिळालेलं असेल आणि कोड हातात नसेल, तर जेडीबीसी (जावातून डेटाबेसला जोडणाऱ्या) ड्रायव्हरचा स्टेटमेंट कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे नावं बाजूला काढून मजकूर एकसारखा करणारी सोय, चालू करून बघा.

कनेक्शनची बेरीज न करणं

चार ॲप सर्व्हर, प्रत्येकी ७५ कनेक्शनचा पूल: ३०० झाले. मॅक्सडीबॅट (बाहेरून आलेल्या कामांसाठी एका वेळी चालणाऱ्या थ्रेडची मर्यादा) २०० असेल तर सगळे एकदम कामाला लागल्यावर १०० जण रांगेत. ‘डिस्प्ले डीडीएफ डीटेल’मधला क्यूडीबॅट (रांगेत लागलेल्यांचा आकडा) वाढत जाणं ही त्याची खूण. आकडा वाढवण्याआधी थ्रेड कोण अडवतंय ते शोधा. नुसत्या सिलेक्टनंतरही कमिट हवा. कमिट नसेल, ‘विथ होल्ड’ कर्सर (कमिटनंतरही टिकणारा) उघडा राहिला असेल किंवा कीपडायनॅमिक येस (कमिटनंतरही तयार एसक्यूएल धरून ठेवणं) असेल तर सीएमटीस्टॅट इनॲक्टिव्ह (कमिटनंतर थ्रेड मोकळा करणारं सेटिंग) असूनही थ्रेड सुटत नाही. एवढं तपासूनही मॅक्सडीबॅट वाढवायचाच असेल, तर डीएसएनटीआयजेयूझेड जॉबमध्ये बदल करून सेटिंगचं मॉड्यूल नव्याने बनवा आणि ‘सेट सिसपार्म लोड’ द्या. डीबी२ बंद करावं लागत नाही.